इद्रीसनं सरकवलेली खाच

दाभोळचा इद्रीस कुवेतमध्ये पंप दुरुस्त करायचा. हाताला यश होतं, त्यामुळे ‘मला येत नाही’ हे शब्द त्याच्या तोंडातून कधी निघत नसत. एकसष्टच्या हिवाळ्यात अरबाबनं, म्हणजे मालकानं, स्वतः घरी जुळवलेली रायफल त्याच्यापुढे ठेवली, तेव्हाही हा गडी हो म्हणून बसला.

रायफल नेमाच्या उजवीकडे मारायची, दोनशे पावलांवर चांगले चार हात. इद्रीसचा बाप मचव्यावरचा तांडेल. सुकाणूचा दांडा उजवीकडे रेटला की मचवा डावीकडे वळतो, हे पोराच्या अंगात मुरलेलं. त्यानं तोच न्याय लावला आणि नेम धरायची मागची खाच ठोकून उजवीकडे सरकवली. काम फत्ते, असं वर अरबाबला छातीठोक सांगितलं.

जुम्म्याला तिघे नेम तपासायला गाडीनं खैरानच्या वाळवंटाकडे निघाले. तिसरा कासम, इद्रीसच्या धाकट्या बहिणीचा, कुबराचा नवरा. त्याला इथे इद्रीसनंच आणलेलं. वाटेत इद्रीसनं सहज खाचेतून लांबचा खांब पाहिला आणि चूक त्याच्या ध्यानात आली. खाच उजवीकडे गेली, म्हणजे नळीही आणखी उजवीकडेच वळणार. बंदूक म्हणजे काही मचवा नव्हे.

सांगायला हवं होतं. पण खोटं बोलला म्हणून अरबाबनं मागच्याच महिन्यात एका फिटरला परत बोटीत बसवलं होतं. आणि दाभोळात पाच तोंडं इद्रीसच्या जिवावर जेवत होती. एक गोळी वाळूत जाईल, मग सांगू, असं मनाशी म्हणत तो गप्प राहिला.

तिथे पोचल्यावर अरबाबनं कासमला पुढे पाठवलं. डबा रोवायचा आणि बाजूला राहून गोळी कुठे लागली ते ओरडून सांगायचं. डावीकडे उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती, म्हणून कासम उजवीकडे सरकला. डब्यापासून सात-आठ हात.

इद्रीसची पाचावर धारण बसली. अरबाब वाळूत पालथा झाला, त्यानं गाल लाकडाला टेकवला. तेव्हा कुठे इद्रीसनं झेप घेतली आणि नळी दोन्ही हातांनी वर उचलली.

चाचरत त्यानं चूक सांगितली. अरबाबनं कासमला परत बोलावलं आणि मग चाप ओढला. कासमच्या पावलांचे ठसे होते तिथली वाळू उडाली.

“हे तुला कधी कळलं?” अरबाबनं हळूच विचारलं.

“आत्ताच,” इद्रीस म्हणाला.

अरबाबला ते पटलं. नोकरी टिकली.

पुढे कुबराही कुवेतला आली. दर ईदला कासम चार लोकांत इद्रीसचे हात डोळ्यांना लावायचा. “भाय, तुमी नसतात तर मी आज कबरीत असतो,” म्हणायचा. इद्रीस हात सोडवून घ्यायचा. कुबरा भावाला दुवा द्यायची, आणि तो तिच्याकडे न बघता शेवयांची वाटी उचलायचा.