पेटीची कडी खिशातच राहिली

मंडळी, द्वारका चौकातल्या सायबर कॅफेत बसून एका हाताने टाईप करतोय. चुका सांभाळून घ्या.

मी सुतारकाम करतो. इंदिरानगरला एका घरी खेळण्यांची पेटी बनवत होतो, वर बाकासारखं बसता येईल अशी. आज फक्त कडी बसवायची राहिली होती. तेवढ्यात घरमालक आला. घरभर भुसा दिसला म्हणून त्यानं माझ्यादेखत बायकोच्या कानाखाली वाजवली. त्यांची सहा वर्षांची पोरगी गुपचूप पेटीत शिरली आणि तिनं झाकण ओढून घेतलं.

त्यानं ते बघितलं. तरी जाऊन त्याच झाकणावर बसला आणि बूट काढत म्हणाला, "मजबूत केलीय हो मिस्त्री."

माझं डोकं फिरलं. कॉलर धरून त्याला खाली आपटलं. त्यानं माझीच हातोडी उचलून माझ्या बोटांवर घातली. वहिनी मध्ये पडल्या म्हणून थांबलो.

झाकण उघडलं. पोरगी कानांवर हात ठेवून बसली होती. म्हणाली, "काका, कडी आतून लावा ना."

आतून लावली तर ती गुदमरेल, हे तिला न सांगताच मी कडी खिशात टाकली. तुम्ही काय सांगितलं असतं?