होसियत-ओपांनी ठरवलेला भाव

दुलईत कापूस अंथरून झाला होता आणि चारपैकी दोनच कडा टाचल्या होत्या, तेवढ्यात शेजारच्या नझीराची हाक आली.

"ओपा, एर्गाश-अका गाडी बघायला आलेत. येता ना?"

होसियत-ओपांनी सुई ओढणीला टोचली आणि तशाच निघाल्या.

उझबेकिस्तानातल्या मार्गिलानच्या आमच्या मोहल्ल्यात गाडी विकायची ठरली की लोक आधी ओपांना, या सगळ्यांच्या थोरल्या बहिणीला, बोलावतात, मग गिऱ्हाइकाला. बावीस वर्षं त्यांनी बसच्या आगारात रंगकाम केलं. नवरा लवकर गेला. तीन मुली त्या रंगाच्या पिचकारीवरच वाढल्या, शिकल्या, नांदायला गेल्या. आता रंगाची जाडी मोजायचं यंत्र बाजारात मिळतं, तरी माणसं ओपांच्या तळहातावर विसंबतात. दलाली म्हणून त्या काही घेत नाहीत. कुणी आग्रहच केला तर म्हणतात, "माझ्या आईबापासाठी दुआ कर, तेवढं पुरे."

नझीराची गाडी पांढरी, छोटी, नऊ वर्षांची. नवरा तोलिबजोन दोन वर्षांपूर्वी वारला, तेव्हापासून ती तुतीच्या झाडाखाली उभी होती. नझीराला रेशीमबाजारात गाळा घ्यायचा होता. चांगल्या जागेच्या गाळ्याला चार हजार डॉलर लागत होते आणि मालकाने शुक्रवारपर्यंतच मुदत दिली होती.

एर्गाश-अका बाजारात गाजरं विकतो. तो गाडीखाली वाकून बघत होता.

"काय शोधताय, अका?" ओपा म्हणाल्या. "तुमच्यासारखी सगळीच माणसं कुजका माल खाली घालत नाहीत."

"घ्या! माझी गाजरं खाऊनच तुमची नजर एवढी तेज राहिली, ओपा."

ओपांनी पेडलचं रबर पाहिलं, पायपुसणी उचलून पत्रा पाहिला, चारही टायरांवरून नख फिरवलं. मग डोळे मिटून एकेका दरवाजावर हात ठेवत गेल्या. डाव्या बाजूच्या मागच्या दरवाजावर हात थांबला.

तो दरवाजा त्यांनीच रंगवला होता. गाडी घेऊन आठवडा झाला नव्हता आणि तोलिबजोनने ती फाटकाच्या खांबाला घासली. नझीरा माहेरी गेलेली. "ओपा, तिला कळलं तर महिनाभर जेवायला मिळायचं नाही. कुणाला सांगणार नाही, असा शब्द द्या." ओपांनी हसत शब्द दिला आणि असा रंग लावला, की तोलिबजोनला स्वतःलाही जागा सापडेना.

आमच्याकडे एक दरवाजा जरी पुन्हा रंगवलेला निघाला, तरी बाजार गाडीवर अपघाताचा शिक्का मारतो. पाचशे डॉलर सरळ उडतात.

"रंगाचं काय?" एर्गाशने विचारलं.

पाहुण्यापुढे चहाबरोबर नान ठेवली होती. नझीराने तिच्यावर हात ठेवला. "रंग लागलेला नाही, अका. खोटं बोलत असेन तर ही नान मला बाधो."

"मग झालं तर. बोला ओपा, किती?"

ओपांनी पुन्हा त्या दरवाजाकडे पाहिलं. गप्प राहिलं तर मेलेल्या माणसाला दिलेला शब्द राहत होता, नझीराला गाळाही मिळत होता. पण पोरीने नानवर हात ठेवला होता. चुकून का होईना, शपथ खोटी होती.

"नझीरा, जरा आत ये."

स्वयंपाकघरात त्यांनी सगळं सांगितलं. नझीरा मटकन खाली बसली.

"महिनाभर जेवायला नाही? असं म्हणाला तो? मी काय राक्षसीण होते?" ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मग एकदम चिडली. "तुम्हीही तसल्याच! आज तरी गप्प बसायचं होतं. गाळा गेला की माझा."

"गप्प बसले असते तर तो भाव नव्हता गं, चोरी होती. चल, आधी शपथ मागे घे. भावाचं मी बघते."

बाहेर येऊन नझीराने खालमानेने सांगितलं, "अका, माझं चुकलं. मला ठाऊक नव्हतं."

"मी रंगवलाय तो दरवाजा," ओपा म्हणाल्या.

एर्गाश ताठ झाला. "मग सदतीसशे. वर एक दमडी नाही."

"का म्हणून? दार उघडा, आतून बघा. पत्रा कुठे ठोकलाय? आत मूळचाच रंग आहे. पाचशे अपघाताचे जातात, ओरखड्याचे नाही." ओपांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "मागितलेला भाव तो भाव नव्हे, हातात पडलेला तो भाव. या महिन्यात अशा तीन गाड्या गेल्या, बेचाळीसशेच्या आसपास. दरवाजाचे शंभर वजा. मागचे दोन टायर गुळगुळीत, पुढचेही वर्षभराचेच सोबती, त्याचे दोनशे. एकोणचाळीसशे. नझीरा, तुझ्यासाठी मी एक डॉलर वाढवणार नाही. आणि अका, तुमच्यासाठी एक कमी करणार नाही."

आमच्या बाजारात दलाल दोघांचे हात एकमेकांत देऊन हलवत राहतो, सौदा पटेपर्यंत. ओपा परपुरुषाच्या हाताला हात लावत नाहीत. त्यांनी एर्गाशच्या कमरेचा रुमाल मागितला, एक टोक त्याच्या हाती दिलं, दुसरं नझीराच्या, आणि मधोमध धरून हलवायला लागल्या. "म्हणा, बरकत!"

"अडतीसशे!"

"बरकत म्हणा, अका."

"साडेअडतीस! अहो, रुमाल फाटेल!"

"फाटू दे. म्हणा!"

एर्गाश दरवाजाकडे बघत राहिला. "मला यातलं काहीच कळलं नसतं, ओपा. तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं." त्याने रुमालाला झटका दिला. "बरकत! एकोणचाळीस."

नझीराने मनात हिशेब केला. मग तिनेही टोक ओढलं. "बरकत. चांगला गाळा नाही मिळायचा. टोकाचा मिळेल, पाण्याच्या नळाजवळचा. तो घेईन."

एर्गाशने चहाचा प्याला पुढे केला, पण ओपा थांबल्या नाहीत. दिलेला शब्द आज मोडला होता. त्यांना मोहल्ल्यातल्या बायकांना कुराण शिकवणाऱ्या रहीमा ओतिनकडे जायचं होतं, तोलिबजोनच्या नावाने कुराण वाचून घ्यायला.