नंबरावर बसलेला मास्तर

वाईच्या स्टँडवर साताऱ्याची गाडी लागली तशी मी खिडकीतून सीटवर रुमाल टाकला आणि सावकाश दारातून चढलो. तोवर एक गृहस्थ रुमालावर बसले होते. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे माझा आवाज अजून शाबूत आहे. "रुमाल म्हणजे नंबर, आणि नंबर म्हणजे नंबर," असं साऱ्या गाडीला ऐकवून मी त्यांना उठवलं. निघालो होतो जतच्या पलीकडे, मल्लाप्पाच्या गावी. मल्लाप्पा आमच्या शाळेत शिपाई होता. निवृत्त होऊन गावी गेल्यापासून तो फोनवर 'एकदा या' म्हणत होता.

नंबर म्हणजे संख्या, असं मी फळ्यावर लिहून देत आलो. साताऱ्यानंतर माझ्याच फळ्यावर बोळा फिरला. सांगलीच्या गाडीत शेजारी फेटेवाले आप्पा फोन कानाला लावून वैतागले होते.

"तोडीच्या मुकादमाचा नंबर लागंना," ते म्हणाले. "होळी झाली, ऊस उभाच हाय. माझ्या मागनं नोंद केलेल्याचा तुटून ग्येला."

"असं कसं?"

"त्येचं काम दोन नंबरचं. आमी आपलं सरळ मान्सं, म्हून वाळतोय."

एवढं बोलून त्यांनी पिशवीतलं भडंग (मसाला लावलेले चुरमुरे) माझ्यापुढे धरलं. "खावा. एक नंबर हाय." खरोखरच होतं.

सांगलीला गाडी बदलली. ऊस विरळ होत गेला, मग कुसळं, मेंढरं आणि नुसतं आभाळ. दुपारी गावात उतरलो. लिंबाखालच्या टाकीजवळ दगड, फुटका माठ आणि एक चप्पल असा पसारा पडलेला होता. गावाला शिस्त म्हणून नाही, असं मनात म्हणत मी त्यातला एक चपटा दगड सावलीत ओढला आणि बसलो.

डोक्यावर चुंबळ घेतलेली एक बाई समोर येऊन थांबली.

"आवं, चष्मा बदला. नंबरावर बसलाय तुमी."

टँकर कधी येईल याचा नेम नाही, आणि दिवसभर उन्हात कोण उभं राहणार? म्हणून प्रत्येक घर पहाटे आपला दगड रांगेत ठेवून कामाला जातं. दगड हलला की नंबर गेला. मी तो घाईघाईनं जागेवर ठेवायला गेलो.

"आता न्हाई. शेवटाला ठिवा."

"अहो, पण चूक माझी आहे."

"दगुड कुनी हलवला ते आमी इचारत न्हाई. इचारलं तर रोज डोकी फुटतील."

"दगड कुणाचा?"

"मल्लाप्पाच्या बायकूचा, काशव्वाचा. पावना येनार म्हून आज तिसरा नंबर धरला हुता तिनं."

तेवढ्यात टँकर आला. काशव्वा घागरी घेऊन आली. तिनं दगड पाहिला, मला पाहिलं, आणि "बर्री (या), सर" म्हणून गुमान शेवटी जाऊन उभी राहिली. मी सगळ्यांना विनवलं. तीस वर्षांच्या आवाजाचा काही उपयोग झाला नाही.

"नंबर म्हंजी नंबर, सर," चुंबळवाली म्हणाली.

काशव्वाची पाळी आली तेव्हा तळाचं गढूळ पाणी उरलं होतं. अर्धी घागर भरली.

घरी मल्लाप्पानं घोंगडं अंथरलं. पाय धुवायला तांब्या आला. मी तो तसाच परत केला. मग चहा आला, एकच कप.

"तुमचा?"

"आमचा झालाय," काशव्वा म्हणाली.

पातेलं माझ्यासमोरच चुलीवर चढलं होतं. त्यात एका कपाचंच पाणी होतं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी परतताना साताऱ्याच्या स्टँडवर सवयीनं खिडकीतून रुमाल टाकला. चढून पाहतो तर एक आजोबा त्यावर बसलेले.

"कुनाचा नंबर हाय का हितं?" त्यांनी विचारलं.

"नाही. बसा," मी म्हटलं आणि वाईपर्यंत उभा राहिलो. रुमाल त्यांच्याखालीच राहिला. तो मागायला मला तोंड नव्हतं.