अबहाच्या तळ्यावरचे कादिरभाई

माझ्या बहिणीच्या, मेहनाजच्या, नवऱ्याला जगातल्या बहुतेक गोष्टी फालतू वाटत. मला तो स्वतःच फालतू वाटायचा. तोंडावर मी त्याला कादिरभाई म्हणायचो, कारण तो वयाने मोठा आणि बहीण त्याच्या घरात.

माणूस हर्णैचा. बापाची होडी होती, पण हा लहानपणी काही वर्षं तीत गळ टाकून गरवायला बसला तेवढाच. पुढे सौदीत, जेद्दाच्या शराफिया भागात, मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. गप्पा मात्र होडी हाकणाऱ्या तांडेलाच्या. तिथेच असलेल्या माझ्या खाणावळीवजा हॉटेलात येऊन ताटातली सुरमई उलटीपालटी करायचा. "हाशम, हे मढं लोकांना खायला घालतोस?" असं म्हणून पुन्हा भात मागवायचा.

मग मोबाइलच्या दुकानांत फक्त सौदीच बसणार, असा हुकूम निघाला. कादिरभाईंचं दुकान खलास. त्यांच्या कफीलचा, म्हणजे व्हिसाच्या सौदी जामीनदाराचा, एक मित्र ठेकेदार होता. दक्षिणेकडच्या अबहा शहराच्या वर, डोंगरात, त्याचं रिसॉर्ट. ओढ्याला बांध घालून त्याने तळं केलं होतं आणि थंडीत परदेशातून थंड पाण्यातले ट्राउट मासे आणून सोडले होते. उन्हाळ्यात थंड हवेसाठी लोक येणार, भाड्याने काठी घेणार, मासे पकडणार. त्याला मासळीतला जाणकार हवा होता. कादिरभाई म्हणाले, "माझा जन्मच होडीत झाला." आणि नोकरी मिळाली. ट्राउट त्यांनी तोवर फोटोतही पाहिला नव्हता.

जुलैत मेहनाजचा मला फोन आला. "ह्यांची तिथलीही नोकरी जाणार म्हणतात. जरा बघून ये." जेद्दाच्या उकाड्यातून सुटका म्हणून मीही निघालो.

तळं देखणं होतं. तिन्ही बाजूंनी काळा कडा, उतारावर जुनिपरची वाकडी झाडं, कठड्यावर माकडं. कादिरभाई छत्रीखाली खुर्ची टाकून बसलेले. काठावर रियाधहून आलेला कुणी बँकवाला सकाळपासून काठी धरून उभा होता, पुण्याकडचा असावा. त्याने अदबीने विचारलं, "काका, लागत का नाही हो मासा?"

"मासा आहे. तुमचा हात नाही," कादिरभाई म्हणाले, आणि मला कोकणीत सांगितलं, "हे गोड्या पाण्यातलं मासं म्हणजे चिखल रे. समुद्रातला सरंगा खाल्लेल्या माणसाने याच्यामागे धावायचं?"

खरं म्हणजे ऊन चढल्यापासून कुणालाच काही लागत नव्हतं. उथळ पाणी कोमट झालं होतं आणि रोज सकाळी एखाददुसरा मासा पोट वर करून तरंगायचा. कादिरभाई तो उचलून झाडीत फेकायचे.

तिथे आणखी एक माणूस होता, मुफर्रेह. सौदीकरणाची, म्हणजे सक्तीच्या सौदी नोकरांची, संख्या भरायला मालकाने त्याचं नाव लावलं होतं. अशी माणसं बहुधा घरी बसून पगार घेतात. हा रोज येत होता. लष्करात ड्रायव्हर होता, निवृत्त होऊन शेळ्या पाळायचा, डोक्याच्या रुमालात तुळशीसारख्या वासाची डहाळी खोवायचा. त्याला मासे पाहूनच शिसारी यायची.

"हे तुम्ही खाता?" तो मोडक्या हिंदीत मला म्हणाला. "याला पापण्यासुद्धा नाहीत!"

"शेळीच्या दाढीवाल्याने बोलू नये," कादिरभाई म्हणाले. दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की मला दोघांची कीव आली.

त्याच संध्याकाळी मालकाचा फोन आला. शुक्रवारी त्याचे पाहुणे येणार. मासा लागला नाही तर दोघांनीही घरी जायचं. कादिरभाईंचा उपाय म्हणजे खाद्य जास्त टाकायचं आणि दोष गळावर ढकलायचा. मुफर्रेह चहा पीत ऐकत होता.

"दुपारी माझ्या शेळ्या कड्याखाली जातात," तो म्हणाला. "तिथे पाणी झिरपतं, गार असतं. तुझे मासे शेळ्यांपेक्षा मूर्ख आहेत का?"

"मासा आणि शेळी! डोंगरी कुठला!"

पण सकाळी पाहतो तर छोट्या होडीत दोघेही. मुफर्रेहला पोहता येत नव्हतं, दोन लाइफ जॅकेटं घालून वल्ही मारताना तो भीतीने पांढरा पडला होता. मलाही त्यांनी मधे बसवलं. कड्याच्या पायथ्याशी त्याने दोरीला दगड आणि बाटली बांधून खोल सोडली, हिसका देऊन बूच काढलं आणि भरलेली बाटली वर घेतली. ते पाणी त्याने कादिरभाईंच्या मानेवर ओतलं. कादिरभाई किंचाळले. पाणी बर्फासारखं होतं.

मग कादिरभाई कामाला लागले. जाड दोरा काढून त्यांनी बारीक नायलॉनचा तंगूस घेतला, कारण त्या नितळ पाण्यात जाड दोरा माशाला दिसत होता. शिशाचा तुकडा, त्याखाली चमकता पत्रा आणि गळ. गाठ त्यांनी न बघता मारली. हा माणूस काही नीट करू शकतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि खरं सांगायचं तर मला ते फारसं आवडलं नाही. आमच्या सावल्या पाण्यावर पडू नयेत म्हणून त्यांनी आम्हाला खाली वाकायला लावलं. शिसं तळाला टेकवलं, हळूहळू उचललं, पुन्हा सोडलं.

ओढ बसली. अंगावर ठिपके, कुशीला गुलाबी पट्टा, असा मासा वर आला आणि हातातून निसटून थेट मुफर्रेहच्या मांडीवर पडला. तो "या अल्लाह!" करत उभा राहिला, होडी कलली आणि आम्ही तिघे बुडता बुडता वाचलो.

शुक्रवारी पाहुण्यांना कड्याखाली नेलं. मासे लागले. मालकाने कादिरभाईंच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "कसं जमवलंस?"

"हर्णैची जुनी रीत," त्यांनी बिनदिक्कत सांगितलं.

मुफर्रेह मोठ्याने हसला. "हर्णै? माझ्या शेळ्यांचं गावही तेच असणार!"

पुढच्या वर्षी नव्या हुकुमाने गिऱ्हाइकांसमोरची कामं सौदींकडे गेली. तळ्याचं काम मुफर्रेहला मिळालं. माशाला हात लावायला तरी कादिरला ठेवा, असं त्याने मालकाला विनवलं. मालकाने ऐकलं नाही. मुफर्रेहनेच त्यांना पिकअपमधून बसस्थानकावर सोडलं, मधाची बरणी दिली. "साखरेचा पाक असणार," म्हणत कादिरभाईंनी ती बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवली.

मायदेशी जायचे कागद होईपर्यंत ते माझ्या हॉटेलात राहिले आणि माझ्या स्वयंपाक्याला छळत राहिले. एका दुपारी मुफर्रेहचा फोन आला. गळाला मारलेली त्याची गाठ सुटत होती. कादिरभाई त्याला गाढव, डोंगरी, आंधळा म्हणत बराच वेळ समजावत होते. फोन ठेवल्यावर खिडकीकडे तोंड करून बसले.

"काय झालं, कादिरभाई?"

"काय व्हायचंय? मासं मारणार तो सगळं." मी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

आता ते गावी, चुलतभावाच्या चिऱ्याच्या खाणीवर देखरेखीला असतात. मेहनाज सांगते, जन्मभर दगड कापलेल्या माणसांना दगड कसा कापावा ते शिकवतात.