मागच्या सीटचा हिशेब

फाटकाच्या बिजागरीला आज ग्रीस लावले आणि त्या वासासरशी अहेरीच्या आमच्या जुन्या घराचे अंगण आठवले. लग्नाच्या वर्षी घेतलेली जाड टायरची माउंटन सायकल दहा वर्षांत खिळखिळी झाली होती. सांगाडा मात्र शाबूत होता. नागपूरहून आणलेले गिअर, ब्रेक आणि हलकी चाके मी क्रमाने बसवली आणि वजन घटावे म्हणून गंजलेले कॅरिअर काढून टाकले. आठवडी बाजाराला निघताना पत्नीने सायकलीभोवती एक फेरी मारली. “काऊन जी, मी आता गिअरवर बसू का?” शेजारचे सायकल-मिस्त्री चाचा हसले, “गुरुजी, गाडी एक नंबर बनवली, पण सवारीच इसरले!” त्यांनी लोखंडी पट्ट्या वाकवून जुने कॅरिअर नव्या चाकावर बसवून दिले. नदीकडच्या चढावर, शास्त्राप्रमाणे, पायांवर जोर कमी यावा म्हणून मी हलका गिअर टाकला. कट्ट आवाज झाला आणि मागून हळूच प्रश्न आला, “मी जड झाली का जी?” “छे, गिअर तपासून पाहिला,” म्हणत मी पुन्हा भारी गिअर टाकला. त्यानंतर ती मागे असताना हलका गिअर कधीच टाकला नाही. गुडघे आता कुरकुरतात. त्यांना रोज तेल तीच चोळते, आणि कारण अजून तिला ठाऊक नाही.