गुरुपादप्पांची भुकटी

लातूर जिल्हा नवा होऊन तीन वर्षं झाली होती. जिल्हा मिळाला, पाणी काही मिळालं नाही.

गुरुपादप्पा पेट्रोल पंपांवरची आग विझवायची लाल सिलिंडरं तपासायचे. लातूर ते देगलूर एसटीनं हिंडायचे. कपाळाला विभूती आणि तोंडात एकच पाठ: "महिन्यातून एकदा उलटं करून हलवा. आतली भुकटी बसून दगड होती." सगळे माना डोलवायचे, हलवत कुणी नव्हतं. मीही नाही, आणि मी तर अहमदपूरच्या पंपावर कारकून होतो.

पंपाच्या मालकीण उमाअक्का. खंडेनवमीला त्यांनी डिझेलच्या यंत्राबरोबर सिलिंडरचीही पूजा केली. हळदीकुंकवाचा लेप थेट नळीच्या तोंडावर. मग कुणाला हात लावू देतील तर शपथ.

"अक्का, देव न्हाई त्यो, भुकटी हाय," गुरुपादप्पा वैतागून म्हणायचे. "डिझेल पेटलं की पाण्यावर तरंगून आणखी पसरतं. तिथं हीच कामाला येती."

"असू द्या अप्पा. पूजलेलं उलटं करावं का कुणी?"

वैशाखात पाण्याच्या टँकरला डिझेल भरताना खाली सांडलं आणि कुणाच्या तरी बिडीनं पेटलं. ड्रायव्हर वीरभद्र दोन दिवसांच्या जागरणानं केबिनमध्येच झोपला होता. गुरुपादप्पा नेमके तिथं होते. त्यांनी सिलिंडर ओढलं, त्याच्या डोक्यावरची टोपी ठोकली. आत नुसतं गुरगुरलं. नळीचं तोंड हळदीनं लिंपलेलं, पोटात भुकटीचा दगड. वाळूच्या बादल्या म्हणाल तर त्या गावात पाण्याच्या रांगेत उभ्या होत्या. एका शहाण्यानं टँकरची तोटी सोडली. गाव ज्याची वाट बघत होतं ते पाणी डिझेलवर गेलं आणि जाळ पाण्याबरोबर चाकांखाली पोचला. गुरुपादप्पांनी जाळात हात घालून केबिनचं दार उघडलं आणि वीरभद्रला बाहेर ओढलं. आम्ही शेजारच्या शेतातली माती टाकून टाकून आग दाबली. वीरभद्र वाचला. गुरुपादप्पांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

दीड महिन्यानं ते आले. आता अक्कांची खरडपट्टी निघणार, असं मला वाटलं, आणि निघावी असंही वाटत होतं. ते शांतपणे बाकावर बसले.

"अक्का, पूजलेलं सिलिंडर दर अमावास्येला उलटं करून हलवावं लागतं. तोंडाला लेप चालत न्हाई. न्हाईतर कोप होतो."

मी थक्क झालो. अमावास्या पाळतो म्हणून माझी भर एसटीत टर उडवणारा हा माणूस.

उमाअक्कांनी पटकन कानाला हात लावला. मग त्या रागावल्याच. "इतकी वर्सं येताय अप्पा, मग ह्ये आधी का न्हाई सांगितलं?"

गुरुपादप्पांनी समोर आलेली चहाची बशी उचलायला उजवा हात पुढं केला, पण बोटं मिटेनात. बशी मीच त्यांच्या तोंडाशी धरली.