बाहेरच्या वर्गाचे मास्तर

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते परभणीच्या शाळेतल्या आमच्या गणिताच्या मास्तरांचे, आणि ते पूर्ण शहाणे आहेत असं खात्रीने सांगणारा माणूस त्या काळी सबंध गावात सापडला नसता. त्यांच्या घरचं किराण्याचं दुकान. वडील, आजोबा तराजूमागे बसूनच म्हातारे झालेले. गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, आणि स्वतःची म्हणावी अशी हातभरही जमीन नाही. तरी शाळेच्या मागे कडुलिंबापलीकडचा दगडगोट्यांचा तुकडा त्यांनी आम्हा पोरांकडून वेचून घेतला आणि त्यात वांगी, मेथी, तूर, हरभरा असं एकेक लावत नेलं. पिण्याच्या माठाशी हात धुतले की ते पाणी चरातून थेट मेथीत जायचं, त्यामुळे शाळेत हात धुणाऱ्यांची गर्दी वाढली. निजामाच्या सरकारात मास्तरांना शेरवानी घालावी लागे. यांच्या शेरवानीच्या एका खिशात खडू असे आणि दुसऱ्यात बी. एकदा पावसात भिजून आले, शेरवानी खुंटीला लावली आणि तिसऱ्या दिवशी खिशातल्या मेथीला मोड आले. त्यांनी ती आहे तशी वाफ्यात उलटी केली आणि त्या वाफ्याला कायम 'शेरवानी' म्हणत राहिले.

गणित ते बाहेरच शिकवत. आमच्या वर्गात चौकोन, त्रिकोण हे वाफ्यांचे आकार होते आणि लांबीरुंदी दोरीने मोजायची असे. इतर मास्तर शिक्षा म्हणून मुलाला उन्हात उभं करत, हे वर्गात नेऊन बाकावर बसवत आणि म्हणत, "बस आता सावलीत एकटाच." ती शिक्षा फार लागे. झाडांशी ते अदबीने बोलत, आमच्याशी नाही. कोथिंबिरीवर पाय पडला म्हणून त्यांनी एका देशमुखाच्या मुलाला तिची माफी मागायला लावली होती. तो मुलगा घरी जाऊन रडला, पण माफी मागितल्यामुळे नव्हे. मास्तरांनी कोथिंबिरीला 'तुमी' म्हटलं आणि त्याला 'ए बैला' म्हटलं, त्याचं त्याला वाईट वाटलं होतं.

माझं शिकणं त्या तुकड्यावर टिकून होतं, हे इथे सांगायला हवं. आमच्या गावी, झरीला, थोडी जमीन होती आणि माझ्या आधी घरात कुणी पाटीला हात लावला नव्हता. वडील मला परत न्यायला आले तेव्हा मास्तरांनी त्यांना आधी वांगी दाखवली. वडिलांनी वाफ्यातली माती बोटांनी चोळून पाहिली आणि म्हणाले, "मातीत हात घालायलाय तवर ऱ्हाऊ द्या. नुसतं बसून खायला शिकायलाय आसं कळलं, की मी घिऊन जातो." मास्तर हो म्हणाले. त्यानंतर तो तुकडा गेला असता तर माझी वळकटी झरीला गेली असती, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

आणि तुकडा जायची वेळ आलीच. आमचे सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर, हैदराबादेहून आलेले, फार सभ्य, फार पांढऱ्या कपड्यांचे गृहस्थ होते. मागच्या बाजूला कवायतीचं मैदान असावं असं त्यांना वाटे, आणि तसं त्यांनी वर लिहिलं. तपासणीचे मोठे साहेब येऊन पाहतील आणि ठरवतील, असं उत्तर आलं. तारीख आली ती सरकारी फसली सालाची, बहमन महिन्यातली. शाळेत सगळा कारभार त्याच महिन्यांवर चाले, म्हणून ती फळ्यावर लिहिली गेली, शिपायाने वर्गावर्गात ओरडून सांगितली, भिंतींना चुना लागला. पण ती तारीख पंचांगात कुठे पडते, हे कुणीच उघडून पाहिलं नाही. मास्तरांनीही नाही. आदल्या दिवशी घरी त्यांच्या बायकोने आंबिलीची तयारी काढली, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की उद्या येळवस.

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, आमच्याकडे गाव घरात राहत नाही. कडब्याची खोप करून, पाच दगडांना चुना लावून शेतात पूजा करायची, भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबट आंबील तिथेच खायची, आणि वाटेने जाणाऱ्यालाही हाताला धरून जेवायला बसवायचं. त्या दिवशी शाळेला मुलगा येणं शक्य नव्हतं. हेडमास्तरांना हे सांगायला मास्तर गेले, पण हेडमास्तर साहेबांना आणायला स्टेशनच्या बंगल्यावर गेले होते. मग मास्तर संध्याकाळभर आमच्या वर्गातल्या मुलांच्या दारोदार हिंडले. शाळेसाठी मी राहत होतो त्या घरी येऊन म्हणाले, "उद्या झरीला जायचं न्हाई. आपलं शेत हितंच हाय."

तीसपैकी चौदा जण आलो, काहींच्या आया भांडी घेऊन आल्या. दोनशे मुलांची शाळा, आणि साहेब फाटकातून आत आले तर चुना लावलेल्या वर्गांत एक चिमणी होती. हेडमास्तरांच्या पांढऱ्या कपड्यांना घाम फुटला. मागून आवाज येत होते म्हणून दोघे मागे आले. तिथे खोप, पाच दगड, शिजलेल्या भज्जीचा वास, आणि शेरवानीवर उपरणं बांधलेले आमचे मास्तर. त्यांनी बागेच्या बाजूने एक उर्दू भाषण पाठ केलं होतं. ते साफ विसरले आणि मराठीतच म्हणाले, "आज शेतात आलेला माणूस उपाशी जात न्हाई, साहेब. बसा. मंग काय ते इचारा."

साहेबांना किती कळलं कोण जाणे, पण त्यांनी बूट काढले. भज्जीतल्या भाज्या कुठल्या, ते मास्तर एकेका वाफ्याकडे बोट करून सांगत गेले. आंबील साहेबांना मठ्ठ्यासारखी वाटली, त्यांनी तीन वाट्या घेतल्या. आंबील पिऊन उन्हात बसलं की काय होतं, हे आमच्याकडच्या पोरालाही ठाऊक असतं. साहेब कडुलिंबाला टेकून झोपले. हेडमास्तर उठवायला निघाले तर मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजत गणिताचा तास सुरू केला. चौदा मुलं दोऱ्या घेऊन चोरासारखी वाफे मोजू लागली.

साहेब जागे झाले तेव्हा मी समोर होतो. त्यांनी शेपूच्या तिकोनी वाफ्याकडे बोट केलं आणि तो केवढा, असं विचारलं. मी पाया मोजला, आठ हात. उंची सहा हात. मी म्हणालो, अठ्ठेचाळीस. साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर शेपूकडे पाहत म्हणाले, "बराबर हाय."

शेऱ्याच्या वहीत साहेबांनी लिहिलं, की या शाळेची हजेरी शून्य असून केवळ बाहेरचा वर्ग हजर सापडला. सबब बाहेरचा वर्ग आहे तसा चालू ठेवावा. कवायतीला दुसरी जागा पाहिली गेली. मी शिकलो, पुढे हैदराबादेला जाऊन बी. ए. झालो, आणि तिथल्याच एका शाळेत मास्तर लागलो. मास्तर तोवर गंगाखेडाकडे आपल्या गावी जाऊन राहिले होते. अठ्ठेचाळीस साली सगळीकडे गडबड होती, टपालाचा भरवसा नव्हता. मी पाठवलेलं पत्र त्यांना मिळालं की नाही, ते कळायला मार्ग राहिला नाही. त्याची नक्कल माझ्याजवळ आहे.

"तीर्थस्वरूप मास्तरांच्या सेवेशी, साष्टांग नमस्कार विनंती विशेष. मी पास झालो. वडिलांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, मंग आता काय पेरतूस? इथली शाळा गल्लीत आहे, अंगण सगळं फरशीचं. परवानगी काढून मी सहा फरश्या उचलल्या आणि बी टाकलं आहे. मुलं रोज येऊन बसतात, अजून उगवलं काहीच नाही. एक गोष्ट इतकी वर्षं लिहायची राहिली. साहेबांना मी त्या दिवशी अठ्ठेचाळीस सांगितलं. तिकोनाचं निम्मं करायचं मी विसरलो होतो. मला ते रात्री अंथरुणात कळलं. तुम्ही तर तिथेच उभे होतात. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत, आणि मीही विचारलं नाही. परवा माझ्या वर्गातला एक मुलगा इथल्या तपासणीच्या साहेबांपुढे असाच चुकला. मी त्याला तिथेच दुरुस्त केलं, आणि मग घरी येईपर्यंत मला तुमचं तोंड दिसत राहिलं. फरशीखाली माती वीतभरच लागली आहे. तेवढ्यात काय येईल, ते कृपा करून कळवावं."